आठ गुंठ्यांचा देश, दीडशे गुंठ्यांची म्हैस

टिटवाळ्याला गाडीतून उतरलं की महागणपतीच्या आधी भेटतो तो प्लॉटविक्रीच्या पाट्यांवरचा गुंठा. खांबावर गुंठा, रिक्षाच्या पाठीवर गुंठा, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीवर गुंठा. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद एवढा जमिनीचा चौकोन, पण त्याच्या भावासाठी आयुष्यभराची पुंजी मोडलेली माणसं याच फलाटावर उतरतात. हा गुंठा आज आपण एका जुन्या नकाशावर शोधायचा आहे. डोळे चांगले असतील तर चष्मा घ्या, आणि चष्मा असेल तर भिंगही घ्या.

नकाशा आहे भारतीय सर्वेक्षण विभागाचा, एक इंची. म्हणजे कागदावर एक इंच, तर जमिनीवर एक मैल. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार आणि १,७६० वारांचा मैल असा गुणाकार केला की मैलात ६३,३६० इंच निघतात. म्हणजे प्रत्येक गोष्ट ६३,३६० पटींनी आखडून कागदावर बसवलेली. तेहतीस फुटांचा गुंठा यात किती उरतो? एका मिलिमीटरचा सहावा हिस्सा! डोक्यावरचे दोन केस शेजारी शेजारी ठेवा, त्यांच्या जाडीएवढा. आयुष्याची पुंजी दोन केसांच्या रुंदीत. आणि त्या गुंठ्यावर उभी असलेली म्हैस? नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अडीच मीटर धरली, तर अर्धा केस.

पण थांबा, हे फक्त लांबीचं झालं. जमीन लांब असते तशी रुंदही असते, त्यामुळे ६३,३६० ला पुन्हा ६३,३६० ने गुणा. उत्तर ४०१ कोटी ४४ लाख ८९ हजार ६००. नकाशावरच्या एका चौरस सेंटिमीटरला एक रुपया भाव लावा, आणि त्याच भावाने खालची खरी जमीन विकत घ्यायला निघा. खिशात चारशे एक कोटी लागतील! सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, हे रुपये मोजत बसलात तर १२७ वर्षं लागतील. पणजोबांनी मोजायला सुरुवात केली असती तर पणतू आता कुठे शेवटच्या थप्पीला हात घालत असता. आणि ज्याच्या बाजू एकेक सेंटिमीटरच्या, असा तो चिमुकला चौकोन? तो जवळजवळ शंभर एकरांचा. चार हजार गुंठे, करंगळीच्या नखाखाली.

आता पत्रकावर येऊ. टिटवाळ्याचं पत्रक ४७ ई/३. आणि गंमत अशी की कल्याण त्यावर नाही. कल्याण खालच्या पत्रकावर, ४७ ई/४. दोन्हींमधली सीमा १९ अंश १५ मिनिटं अक्षांशाची, आणि ती पडते शहाड आणि आंबिवलीच्या मध्ये. रोज टिटवाळ्याहून कल्याणला जाणारा माणूस शहाड यायच्या आत एक नकाशा संपवून दुसऱ्यात शिरतो, आणि त्याला धक्कासुद्धा बसत नाही. उलट दिशेला खडवली अजून याच पत्रकावर असते, पण वासिंद येईपर्यंत तिसरं पत्रक, ४७ ई/७, सुरू झालेलं असतं. तीन नकाशे, एक लोकल, एक तिकीट.

हे एक पत्रक कागदावर साधारण चव्वेचाळीस सेंटिमीटर उंच आणि एकेचाळीस रुंद. लहान मुलाला बसायला घालायच्या आसनाएवढं म्हणा. पण त्यात जमीन मावते ती ७२६ चौरस किलोमीटर! अख्खी मुंबई महापालिका, कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत, त्यात घालून वर बरीच जागा शिल्लक राहते. आणि ही जमीन विमानातून एक चक्कर मारून उतरवलेली नव्हती. माणसं पायांनी हिंडली, टेबल मांडलं, रोख धरला, रेघ ओढली. समजा एकाच माणसाला सांगितलं, बाबा रे, शंभर मीटरच्या पट्ट्या पाडून हे पत्रक एकही पट्टी न सोडता चालून काढ. किती चालावं लागेल? ७,२६० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, तर अठ्ठेचाळीस खेपा! रोज वीस किलोमीटर चालला, पावसाची सुट्टी नाही, चतुर्थीची नाही, दिवाळीची नाही, तर एक वर्षाला दोन दिवस कमी. म्हणजे एका आसनापायी एक वर्ष.

याच हिशोबाने देश चालायला काढला तर? सव्वातीन कोटी किलोमीटरांच्या वर. दिवसाला वीसच्या चालीने साडेचार हजार वर्षं. आज शेवटचं पाऊल टाकायचं असेल तर माणूस हडप्पाच्या विटा भाजल्या जात होत्या तेव्हा निघालेला हवा.

आणि एवढं चालून हाती काय लागेल? एक इंची प्रमाणात छापून, पत्रकं एकाला एक जोडून देश जमिनीवर अंथरला, काश्मीर ते कन्याकुमारी, कच्छ ते कोहिमा, तर तो भरतो ८१९ चौरस मीटर. गुंठ्यात सांगू? आठ गुंठे. साडेबत्तीस लाखांहून जास्त चौरस किलोमीटरांचा देश, टिटवाळ्याच्या माळावर आठ गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये, कुंपणासकट. महाराष्ट्र एकटा अंथरला तर ८२५ चौरस फूट, म्हणजे बऱ्यापैकी टू बीएचके: बैठकीच्या खोलीत विदर्भ, स्वयंपाकघरात मराठवाडा, आणि कोकण नेहमीप्रमाणे पॅसेजमध्ये. पालघर वेगळा व्हायच्या आधीचा जुना ठाणे जिल्हा घेतला तर एकेरी पलंगावरची चादर. हा आठ गुंठ्यांचा आकडा लक्षात ठेवा. तो परत भेटणार आहे, आणि तेव्हा त्याच्या शेजारी म्हैस उभी असेल.

पन्नासच्या दशकाच्या आसपासची अशी पत्रकं पाहिली की पहिल्यांदा दिसतात ते रंग. पिकाखालची जमीन पिवळी, जंगल हिरवं, पाणी निळं, गावं नि रस्ते तांबडे, चढ-उताराच्या समोच्चरेषा तपकिरी. टिटवाळ्याजवळून काळू नदी निळी वळसे घेत जाते, खडवलीला भातसा. रेल्वे काळी. १८५५ मध्ये गाडी कल्याणहून वासिंदपर्यंत पोचली, ती याच मुलखातून. सगळं जागच्या जागी. मग नजर अडते ती ज्याला काहीच रंग नाही त्या जमिनीवर. मधे मधे पांढरं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, पांढरं म्हणजे पडीक. आम्ही ते पाठ केलं आणि मार्क मिळवले.

ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने मार्क कापले असते. भाताची खाचरं वेगळी आणि चढावरची वरकस जमीन वेगळी. वरकसवर नाचणी, वरी. तिथूनच राबाचा पाला, आणि तिथलंच गवत. पावसाळ्यात कमरेएवढं वाढायचं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला पिवळं पडायचं, की विळे लागायचे. भारे बांधायचे, गंज्या रचायच्या, गाड्या भरायच्या, आणि गवत निघालं मुंबईला. घोड्यांसाठी, बैलांसाठी आणि मुख्य म्हणजे तबेल्यातल्या म्हशींसाठी. नकाशावाल्याने ज्याला रंग दिला नाही, ती मुंबईच्या दुधाची मुळं होती.

इथे थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, हिशोबात मजा आहे. टेक्सासमधलं किंग रँच नावाचं गुरांचं प्रचंड कुरण सुरू झालं १८५३ साली. त्याच साली, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. त्या एका कुरणाचा विस्तार आहे सव्वाआठ लाख एकर. गुंठे? तीन कोटी तीस लाख! टिटवाळ्याच्या पाटीवाल्याला हे सांगू नका, त्याला झोप लागायची नाही. आपल्या ४७ ई/३ सारखी साडेचार पत्रकं भरून वाहतील एवढी जमीन एका मालकाची. पण एक इंची नकाशावर तीसुद्धा बिचारी होते ३६ इंच बाय ३६ इंच, म्हणजे चौकटीसकट एक कॅरम बोर्ड.

आता आपलं कुरण. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. दारा खुरोडी हे त्यामागचे गृहस्थ, ज्यांना पुढे १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ मध्ये नेहरू येऊन झाड लावून गेले. शहराच्या गल्ल्यांतल्या म्हशी उचलून मोकळ्या हवेत न्यायच्या, असा बेत. जमीन १,२८७ हेक्टर, तबेले बत्तीस, जनावरं सोळा हजार. कॅरम बोर्डावर किंग रँच मांडलंय ना? त्यावर आरे ठेवा. चार सोंगट्या! बस्स, चार सोंगट्यांची जागा.

पण त्या चार सोंगट्यांवर सोळा हजार म्हशी. भागाकार करा. हेक्टरांचे गुंठे होतात सव्वा लाखाच्या वर, भागिले सोळा हजार, उत्तर: म्हशीमागे आठ गुंठे. आठ! तोच तो, एक इंची भारताचा प्लॉट. आरेतली एकेक म्हैस, रस्ते-झाडं-टेकड्या धरून, अख्ख्या देशाच्या नकाशाएवढ्या जागेत रवंथ करत होती.

आठ गुंठ्यांत म्हैस उभी राहील, डुंबेल, शेपटी हलवेल. पण जेवेल का? हिशोबाला दिवसाचं दहा किलो सुकं गवत धरू. पेंड, हिरवा चारा वेगळा, त्यात शिरत नाही. सोळा हजार गुणिले दहा, म्हणजे रोजचं १६० टन. वर्षाचं ५८,४०० टन! ठाण्याच्या माळावर एकरी एक टन सुकं गवत निघतं असं ढोबळ धरलं, तर एवढ्याला ५८,४०० एकर हवेत. नकाशावर ही जमीन केवढी? झेरॉक्सच्या कागदाहून किंचित लहान. आणि ४७ ई/३ पत्रकावर तो कागद ठेवला तर पत्रकाचा तिसरा हिस्सा झाकला जातो!

म्हणजे बघा हं. आरे नकाशावर चार सोंगट्यांएवढी, आणि आरेचं पोट झेरॉक्सच्या कागदाएवढं. म्हैस राहते आठ गुंठ्यांत आणि खाते जवळजवळ दीडशे गुंठे. टेक्सासात गुरं गवतापाशी जातात, म्हणून तिथे कुरण बघायला कुरणात जावं लागतं. आपल्याकडे गवतच उठून गुरांपाशी गेलं. आपलं रँच कुठल्याही एका कुंपणात नव्हतं. त्याचं तोंड गोरेगावला होतं आणि पोट पांढऱ्या रंगात जिल्हाभर पसरलेलं होतं. मधे आगगाडी.

आणि हे वाहून न्यायचं म्हणजे? गवत वजनाला हलकं पण अंगाने अवाढव्य. बैलगाडीत अर्धा टन चढवला तरी गाडी दिसत नाही, गंजीच चालत येते. ५८,४०० टनांना १,१६,८०० बैलगाड्या. बैलांसकट एका गाडीची लांबी सहा मीटर धरून एकामागे एक उभ्या केल्या, तर रांग किती? सातशे किलोमीटर. हा आकडा ओळखीचा वाटतोय? समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर! नागपूरपासून थेट टिटवाळ्याच्या शेजारच्या भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत, बैलाच्या शेपटीला बैलाचं नाक लावून, गवतच गवत. ही रांग ताशी चार किलोमीटरच्या बैलचालीने रेल्वे फाटकावरून जाऊ लागली, तर फाटकवाल्याने सात दिवस सात तास फाटक उघडं ठेवायचं. तोवर कसारा लोकल थांबलेलीच, आणि डब्यातली माणसं आपली नेहमीप्रमाणे घड्याळाकडे बघत.

पाण्याचं थोडक्यात. पिणं-धुणं धरून म्हशीला दिवसाला साठ लिटर. सोळा हजारांचे ९ लाख ६० हजार. तीन मीटर रुंद आणि दहा मीटर पाणी असलेली भरली विहीर घ्या, तीत सत्तर हजार लिटर असतं. म्हणजे रोज साडेतेरा विहिरी रित्या! वर्षाला जवळजवळ पाच हजार. या विहिरी एकाखाली एक खणत गेलात तर पन्नास किलोमीटर खोल, मुंबई-पुण्याचा तिसरा हिस्सा, पण सरळ खाली. एक इंची नकाशावर विहीर म्हणजे निळं बारीक वर्तुळ. अशी पाच हजार वर्तुळं काढायला बसणाऱ्या माणसाचा हात दुखून येईल, म्हैस मात्र एका वर्षात पिऊन मोकळी.

विहिरी सोडा. खरी चैन गवताच्या काडीत आहे.

एका चौरस मीटरमध्ये गवताच्या किती काड्या असतील? हजार धरू. कुणी बसून मोजायला हरकत नाही, मी माझा आकडा मागे घेईन. ५८,४०० एकर म्हणजे साडेतेवीस कोटींच्या वर चौरस मीटर. गुणिले हजार. काड्या झाल्या २३,६०० कोटी! भारतातल्या दर माणसाला वाटल्या तर प्रत्येकाच्या हातात दीडशेहून जास्त. काडी दोन फुटांची, म्हणजे साठ सेंटिमीटर धरा. आता या काड्या टोकाला टोक लावत जाऊ. पहिल्या अडीच लाखांत मुंबईहून पुणं गाठलं. फक्त अडीच लाख, त्या तर टिटवाळ्याच्या एखाद्या लहानशा उतारावरच्या. सहा कोटी सत्तर लाखांत पृथ्वीला एक वेढा. चौसष्ट कोटींत चंद्र! अजून गवताची पाव टक्काच रास संपली आहे, बाकीची गंजी तशीच उभी. पुढे चला. शंभर चंद्र, दोनशे चंद्र, तीनशे चंद्र. काड्या संपत नाहीत. शेवटची काडी लावली तेव्हा आपण पोचलो आहोत १४ कोटी १८ लाख किलोमीटरांवर.

सूर्य सरासरी १४ कोटी ९६ लाखांवर आहे.

अठ्ठ्याहत्तर लाख किलोमीटर कमी पडले! एका वर्षाच्या चाऱ्याने सूर्य गाठता गाठता राहिला. किती गवत कमी पडलं? म्हशींना अजून वीस दिवस चारा घाला, तेवढंच. फक्त वीस दिवस.

आता पुन्हा जमिनीवर, टिटवाळ्यात. कारण या गवताचा एक आकडा असा आहे की तो नकाशावर कुठेच नाही, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद याच टिटवाळ्याला भरली. जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडून, उंबरगावच्या बाजूने, काही वारली मंडळी त्या परिषदेला आली होती. किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर पुढे या वारल्यांच्या मुलखात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गवत पिवळं पडून विळ्याची वाट बघत असताना, वारल्यांनी विळे खाली ठेवले. मागणी साधी होती. पाचशे पौंड गवत कापलं की अडीच रुपये.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली.

पाचशे पौंड म्हणजे २२७ किलो. आपल्या दहा किलोच्या हिशोबाने एका म्हशीचा बावीस-तेवीस दिवसांचा चारा. काळाची थोडी सरमिसळ करतो, आरेच्या म्हशी चार वर्षं उशिरा आल्या, पण दर तोच ठेवू. वर्षाच्या ५८,४०० टनांची अख्खी कापणी, पत्रकाच्या तिसऱ्या हिश्श्यावरची, समृद्धीच्या लांबीएवढ्या गाड्या भरणारी, २३,६०० कोटी काड्यांची. वारल्यांनी मागितलेल्या दराने तिची मजुरी होते साडेसहा लाखांच्या आत.

आणि ते राहिलेले अठ्ठ्याहत्तर लाख किलोमीटर, सूर्यापर्यंतचे शेवटचे? वीस दिवसांचा चारा. म्हशीमागे अडीच रुपयांची कापणी, आणि त्यातलेही थोडे आणे परत.